झुलालभाऊंच्या घागरीचे पाणी

मित्रांनो, माझे पोट गोल आहे, गळ्याला आटे पाडलेले आहेत आणि डोक्यावर फिरकीचे झाकण आहे. मी पितळेचा एक जुना तांब्या आहे. माझी भावंडे एके काळी खानदेशातल्या प्रत्येक प्रवासाला निघत. लग्नाची गाडी असो, कोर्टाची तारीख असो, मुलीला सासरी पोचवायचे असो, हातात पिशवी आणि खांद्याला तांब्या हे ठरलेलेच. आता तुम्ही प्लास्टिकची बाटली घेऊन निघता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्यासारखा एक तांब्या समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घाना नावाच्या देशात फिरून आला, हे तुम्हांला कोणी सांगितले नसेल. म्हणून मीच सांगतो.

धुळ्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. पोटाला गोलाई यायला चार दिवस लागले, आटे मात्र एका दुपारीच पडले. तांबटाने झाकण तीन वेळा लावून काढून पाहिले, पाणी भरून मला उलटे टांगले आणि खाली कोरडी राख पसरली. सकाळी राखेवर एकही थेंब नव्हता. तेव्हा तो म्हणाला, "हा विकायला हरकत नाही." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतले झुलालभाऊंनी. ते एस.टी.चे ड्रायव्हर होते आणि देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे, दोन खोल्यांच्या घरात राहत. चोवीस वर्षे मी त्यांच्या सीटजवळच्या हुकाला लटकलो. धुळे ते जळगाव, धुळे ते सावदा. सावद्याहून परतताना टपावर केळीचे घड असत आणि गाडी वळणावर जड होई. उन्हातून धापा टाकत कोणी चढला, की भाऊ गाडी सुरू करण्याआधी माझी फिरकी उघडत. प्रवाशाने ओंजळ धरायची आणि भाऊंनी वरून धार सोडायची. तोंड कोणी लावायचे नाही, एवढा एकच नियम. कंडक्टर खिजवायचा, "भाऊ, तुमी गाडी चालवतस का पानपोई?" भाऊ हसत आणि गिअर टाकत.

घरी ताईबाईंचीही तीच रीत. ताईबाई म्हणजे भाऊंच्या पत्नी. चैत्र-वैशाखात दारात कोणीही उभे राहिले, की आधी पाणी आणि मग कोण, कुठले. विचारून पाणी द्यायचे नाही, देऊन विचारायचे. या सवयीमुळेच पुढे परदेशात मोठा घोटाळा झाला. तो यथाक्रम सांगतो.

एकोणिसशे एक्क्याण्णवच्या आषाढात झुलालभाऊ वारले. त्यांचा एकुलता एक मुलगा सुकदेव तेव्हा घानात होता. तो हापसे बसवणारा मिस्त्री. एका कंपनीच्या कंत्राटावर तो तिथल्या खेड्यांत आपल्याकडचे हापसे उभे करत होता. त्याला तार केली. तो आला नाही. 'तार उशिरा मिळाली, तोवर तेरावाही होऊन गेला होता,' असे तो नंतर सगळ्यांना कळवत राहिला. अग्नी भाऊंच्या पुतण्याने, रुपचंदने दिला.

मित्रांनो, आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्याने भरायची, तिच्यावर लहान लोटी ठेवायची, वर डांगर, म्हणजे आमच्याकडचे खरबूज, नाहीतर आंबा ठेवायचा आणि बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावे घेऊन पाणी सोडायचे. माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी तर फार मोठी. तहानलेला जीव त्या पाण्याची वाट पाहत असतो, असे बायका म्हणतात.

फाल्गुनात सुकदेवचे पत्र आले. कंत्राट डिसेंबरपर्यंत आहे, रजा मिळणार नाही, घागर रुपचंदने भरावी. ताईबाईंनी पत्राची घडी केली आणि खुंटीवरून मला काढले.

रुपचंद म्हणाला, "काकू, घागर मी भरी देस ना. इतली लांब कशाले जास?"

"तू अग्नी दिना, तुना उपकार शेतस," ताईबाई म्हणाल्या. "पन पहिली घागर पोटना पोऱ्याना हातनी. त्याले येता येत नही, ते मी जास."

सुकदेवने नाही म्हणण्याचा बराच प्रयत्न केला. शेवटी कागदपत्रे पाठवली. ताईबाईंनी पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली, पासपोर्टच्या फोटोसाठी जन्मात पहिल्यांदा डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि मला घेऊन नूर महंमदच्या दुकानात गेल्या. नूर महंमद कलईवाला. भट्टीवर मला लाल करून त्याने आतून कथिल फिरवले.

"पानी ले जाना है, नूरभाई. आठ-दहा दिन कळकायला नको."

"नहीं कळकेगा. गारंटी. जाना किधर है?"

"घाना."

"घाना? वो किधर आया? नंदुरबार के आगे?"

"समुद्रना आगे."

नूर महंमदने माझ्या झाकणात डोकावून पाहिले. "फिर तो दो वायसर डालता हूँ," तो म्हणाला.

पांझरा तेव्हा आटली होती. ताईबाईंनी पात्रातल्या वाळूत झिरा खणला, गढूळ पाणी दोनदा उपसून टाकले आणि तिसऱ्यांदा आलेले निवळ पाणी माझ्यात भरले. याच पात्रात झुलालभाऊ लहानपणी पोहले होते. हे पाणी मुलाच्या हातून त्यांना द्यायचे, एवढाच ताईबाईंचा बेत होता.

मुंबईच्या विमानतळावर एका साहेबाने मला हातात घेतले. "आजी, यात काय आहे?"

"पानी."

"पाणी तिकडेही मिळतं."

"मिळस. पन हाई मना मालकना गावनं शे."

साहेबाने फिरकी उघडली, हुंगले आणि घट्ट लावून मला परत दिले. विमानात ताईबाईंनी मला मांडीवर धरले. हवाईसुंदरीने दोनदा मला वरच्या कप्प्यात ठेवायला मागितले. ताईबाईंनी दोनदा मान हलवली.

सुकदेव विमानतळावर घ्यायला आला होता. तो आईच्या पाया पडला आणि उठताना त्याची नजर माझ्यावर गेली.

"माय, हाऊ तांब्या कशाले आना?"

"तुना आबाले पानी नको का? आखाजी आठ दिनवर शे."

सुकदेवने घड्याळ पाहिले. "गाडी उभी शे," तो म्हणाला.

त्याने कंपनीकडून नऊ दिवसांची सुट्टी आणि एक जीप मागून घेतली होती. चालवायला क्वाबेना नावाचा तिथलाच ड्रायव्हर होता, हसरा आणि बडबड्या. सुकदेवने एका कागदावर तक्ताच करून ठेवला होता. कोणत्या दिवशी राजधानी, कोणत्या दिवशी समुद्रकाठचा किल्ला, कोणत्या दिवशी संग्रहालय, विणकरांचे गाव, मातीची जुनी मशीद. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत एकही तास मोकळा नव्हता. आखाजीच्या दिवशी तर तीनशे किलोमीटरचा प्रवास होता. तक्त्याच्या एकाही ओळीत घागर नव्हती. ताईबाईंनी कागद वाचला आणि घडी करून त्याला परत दिला.

देश पाहण्यासारखा होता, हे मी सांगितले पाहिजे. माती आमच्या रावेर भागापेक्षा लाल. रस्त्याच्या कडेला बायका डोक्यावर एवढाले ओझे घेऊन हात मोकळे सोडून चालत होत्या. ताईबाई म्हणाल्या, "या ते मनाबी पुढे गयात." केळी दिसल्या की त्या जीप थांबवायला लावत. एकदा भाजलेले केळे आणि शेंगदाणे खाऊन त्यांनी क्वाबेनाला विचारले, "खत कोनतं टाकतस?" सुकदेवने भाषांतर केले. क्वाबेना म्हणाला, त्याच्या आजीने विचारला असता तोच प्रश्न आहे. त्या दिवसापासून दोघांचे जमले.

तिसऱ्या दिवशी आम्ही किल्ला पाहिला. पांढरा चुना लावलेला, समुद्राकडे तोफा वळवलेला. वरती साहेबांच्या हवेशीर खोल्या होत्या आणि खाली तळघरे. काही शे वर्षांपूर्वी माणसे पकडून आणून त्या तळघरांत कोंडत. महिना महिना. मग समुद्राकडच्या एका अरुंद दारातून त्यांना जहाजात चढवत आणि दूरच्या देशात गुलाम म्हणून विकत. तळघराला छताजवळ एकच झरोका होता. वाट दाखवणारा माणूस हळू आवाजात सांगत होता. ताईबाईंनी चप्पल बाहेर काढून ठेवली होती. ते देऊळ नाही, असे त्यांना कोणी म्हटले नाही.

"यास्ना घर खबर कोनी दिनी?" त्यांनी विचारले.

सुकदेवने विचारून सांगितले, "कोनीच नही."

"म्हंजे माय दारमा बशी ऱ्हायनी व्हई. आज ई, सकाय ई." ताईबाईंनी भिंतीला हात लावला. "आपलाकडे निदान तार ते येस."

सुकदेव एकदम वळला. "मी गाडीमा बसस," असे म्हणून तो पायऱ्या चढून निघून गेला. त्याच्या बुटांचा आवाज तळघरात बराच वेळ ऐकू येत होता. ताईबाईंचा हात माझ्या फिरकीवर होता. तो एकदा आवळला आणि सैल पडला.

पाचव्या दिवशी मोठ्या शहरातल्या संग्रहालयात काचेच्या कपाटात मला माझ्याच धातूचे एक भांडे भेटले. ओतीव पितळेचे, झाकणाचे, झाकणावर दोन पक्षी. क्वाबेनाने सांगितले, जुनी माणसे अशा भांड्यात सोन्याची धूळ ठेवत आणि वडीलधाऱ्यांच्या पूजेतही ते मांडत. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. ते सुरेख होते, माझ्यापेक्षा कितीतरी सुरेख. पण त्याच्या आत किती वर्षांत काही पडले नव्हते कोणास ठाऊक. मी त्या दिवशी काठोकाठ भरलेला होतो, आणि मला माझ्या ओबडधोबड पोटाचा अभिमान वाटला.

मित्रांनो, अभिमान वाटून दोन दिवस झाले आणि घोटाळा झाला.

सातवा दिवस. दुसऱ्या दिवशी आखाजी. तक्त्याप्रमाणे विणकरांच्या गावात एक तास थांबून पुढे उत्तरेला निघायचे होते. या गावात सुकदेवने दोन वर्षांपूर्वी हापसा बसवला होता, म्हणून ओळख होती. झाडाखाली माग मांडलेले होते. ताणा लांबवर पसरून टोकाला दगडाचे वजन ठेवलेले, आणि विणकर पायाच्या अंगठ्यांनी दोऱ्या ओढत चार बोटे रुंदीची पट्टी विणत होते. पिवळी, हिरवी, लाल. अशा पट्ट्या जोडून मोठे वस्त्र होते. मागाचा ठेका ऐकून ताईबाईंना लहर आली आणि त्या आखाजीचे झोक्यावरचे गाणे हळूच म्हणू लागल्या,

"निंबले बांधा झोका, झोका आभायले जास,
आखाजीना दिन मन माहेरमा ऱ्हास."

विणकर हसले आणि त्यांनी तोच ठेका धरला.

एवढ्यात शेताकडून एक म्हातारा आला. खांद्यावर कोयता, अंगभर घाम. मागांचा मालक तोच. येऊन तो ताईबाईंसमोरच्या बाकावर टेकला आणि हाताने वारा घेऊ लागला. त्याला बोलवेना. त्याची नात पाहुण्यांसाठी पाणी आणायला हापशावर गेली होती, ती अजून परतली नव्हती.

ताईबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि त्यांच्या हाताने फिरकी उघडली. मी 'त्यांच्या हाताने' म्हणतो, कारण ताईबाईंचे मन त्यात नव्हते. चाळीस वर्षांची सवय त्या हातात होती. उन्हातून माणूस आला आहे, धाप लागली आहे, पाणी द्यायचे. त्या उठल्या आणि धार सोडायला मला पुढे केले.

म्हाताऱ्याला ओंजळीची रीत कुठून ठाऊक असणार? त्याने उजवा हात पुढे करून मला सरळ घेतले. आधी थोडे पाणी जमिनीवर सांडले आणि तोंडाने काही पुटपुटला. मग मला ओठांना लावून घटाघटा प्यायला.

"माय! ते पानी..." सुकदेव ओरडला.

ताईबाईंच्या तेव्हा लक्षात आले. त्यांनी पदर तोंडावर धरला. पाणी निम्म्याहून अधिक उरले होते, पण ते आता उष्टे झाले होते. उष्टे पाणी पितरांना चालत नाही, मग ते राजाचे उष्टे असो की स्वतःच्या लेकराचे. धुळ्याहून इतक्या लांब मांडीवर आणलेले पाणी त्यांनीच आपल्या हाताने उष्टे करवले होते, आणि आखाजी दुसऱ्या दिवसावर होती.

म्हाताऱ्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि क्वाबेनाला विचारले, झाले काय. क्वाबेना त्याला नाना म्हणत होता. त्यांच्याकडेही वडीलधाऱ्याला आपल्यासारखेच नाना म्हणतात. एरवी ताईबाई यावर नक्की काही बोलल्या असत्या. आज त्यांनी तोंडावरचा पदर काढला नाही.

सुकदेवने सांगितले ते क्वाबेनाने उलगडून सांगितले. म्हातारा मला दोन्ही हातांत धरून बसला. मग म्हणाला, "मी पिण्याआधी माझ्या वडीलधाऱ्यांना दिले. आमच्यात तसेच करतात. हे पाणी दुसऱ्याच्या वडीलधाऱ्याचे आहे, हे मला माहीत नव्हते. त्यांचे नाव काय?"

"झुलाल," सुकदेव म्हणाला.

"त्यांच्या वडिलांचे?"

"वना."

"आणि त्यांच्या वडिलांचे?"

सुकदेवला येईना. त्याने आईकडे पाहिले.

"माले माहीत शे," ताईबाई म्हणाल्या. "आज नही सांगाव. ज्या दिन लागस, त्या दिन सांगसू."

सुकदेव त्यांच्याजवळ बसला. "माय, जावू दे. आते पानीच नही. पुढला साल घर येस, तव्हय भरसू. चाल, उशीर व्हई ऱ्हायना."

मला त्याच्या आवाजात दुःख ऐकू आले, आणि सुटकाही. ताईबाईंनाही ती ऐकू आली असावी. त्यांनी माझ्यातले उरलेले पाणी म्हाताऱ्याच्या संत्र्याच्या झाडाला घातले, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. पांझरेचे पाणी लाल मातीत जिरून गेले. मग त्या परत बाकावर येऊन बसल्या.

"तुना कागद खिसामा ठेव," त्या म्हणाल्या. "मी आठेन हालत नही."

म्हाताऱ्याने एक खोली झाडून दिली. संध्याकाळी नातीने वाफाळलेला भात आणि शेंगदाण्याचा रस्सा आणला. ताईबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, पण जेवल्या नाहीत. सुकदेव ओट्यावर बसून तो कागद उलगडत होता आणि पुन्हा घडी घालत होता. मी कोपऱ्यात रिकामा पडून राहिलो. माझ्या आयुष्यात मी कितीदा तरी रिकामा झालो होतो, पण या वेळी मला माझे वजनच कळेना.

सकाळी ताईबाई उठल्या तेव्हा सुकदेव अंथरुणात नव्हता. गावाबाहेरून आवाज येत होता. खट-खळ्ळ, खट-खळ्ळ. हापशाचा दांडा वरखाली होत होता.

त्या मला घेऊन तिकडे गेल्या. सुकदेव आंघोळ करून ओल्या अंगाने हापसा मारत होता. खाली एक नवी मातीची घागर होती. गावातल्या कुंभारणीला भल्या पहाटे उठवून त्याने ती घेतली होती. आमच्या घागरीहून ती काळी होती आणि गळ्याला नक्षी होती. पाणी जमिनीखालून चाळीस मीटरवरून येत होते. घागर भरून वाहू लागली, तरी तो थांबेना.

"पुरे," ताईबाई म्हणाल्या. "वरनी लोटी कोठे शे?"

त्याने इकडे तिकडे पाहिले. लोटी आणली नव्हती. ताईबाईंनी मला त्याच्या हातात दिले. त्याने मला विसळले, हापशाखाली धरून भरले आणि घागरीच्या तोंडावर ठेवले. डांगर नव्हते, म्हाताऱ्याच्या नातीने पपई आणून दिली. म्हाताराही आला होता. त्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि मान म्हणून खांद्यावरचे वस्त्र खाली सरकवले. असे कर म्हणून त्याला कोणी सांगितले नव्हते.

सुकदेवने मला उचलले. काठोकाठचे पाणी त्याच्या मनगटावर सांडले. पण नाव घेण्याआधी त्याने मला पुन्हा घागरीवर ठेवले.

"माय," तो म्हणाला, "तार माले तिसराच दिन भेटनी व्हती."

ताईबाईंनी हापशाच्या दांड्यावर हात ठेवला.

"नववा दिनले घर पोची जातू. मी तिकीटच काढं नही. हापसा बसाडत ऱ्हायनू. सगळास्ले सांगं, तार उशिरा उनी. आबा नही असं घर देखाले भ्याव वाटनं माले."

क्वाबेनाला भाषा कळत नव्हती, पण तो दोन पावले मागे सरकला.

"माले माहीत शे," ताईबाई म्हणाल्या.

"तुले? कोनी सांगं?"

"तूच. 'तार भेटनी' असं तू पत्र लिखं. त्यावर तारीख टाकेल व्हती, चौथा दिननी. मी चौथी शिकेल शे रे. तारखा वाचता येतस माले."

सुकदेव खाली बसला. हापशाच्या ओल्या ओट्यावरच बसला. "मंग इतला महिना तू काही बोलनी का नही?"

"पत्रमा बोलानं व्हतं का ते? बोलाले ते येल शे मी, विमानमा बशीसन. आनि तू माले किल्ला दखाडस, भांडा दखाडस." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "तुले रडता येवाले जोयजे, म्हनीसन उनू. त्या पानीनं निमित्त व्हतं."

मग तो रडला. तेहतीस वर्षांचा माणूस परक्या गावात, स्वतः बसवलेल्या हापशापाशी बसून रडला. कोणी त्याला उगी केले नाही. म्हाताऱ्याची नात बघत राहिली होती, तिला म्हाताऱ्याने हाताला धरून आपल्याजवळ उभे केले. बऱ्याच वेळाने ताईबाईंनी त्याच्या ओल्या केसांवर हात ठेवला.

"ऊठ. ऊन चढी ऱ्हायनं. तुना पितर तहानेल शेतस."

तो उठला. मला दोन्ही हातांनी धरले.

"झुलाल," तो म्हणाला आणि धार सोडली. "वना."

मग तो थांबला.

"कौतिक," ताईबाई म्हणाल्या. "तुना पणजा आबानं नाव कौतिक."

"कौतिक," सुकदेव म्हणाला, आणि माझ्यातले सगळे पाणी लाल मातीवर सोडले. माती ते लगेच प्यायली. एरवी मी इतक्या वेळा रिता झालो, पण कोणाची तहान मला इतकी स्पष्ट कधी ऐकू आली नव्हती.

त्या दिवशी ताईबाई दोन वेळचे जेवल्या. तक्त्यातली मशीद पाहायची राहून गेली. क्वाबेनाने सुकदेवला चिडवले, "इतका खर्च करून माणसे आमचा देश बघायला येतात, आणि तू आईला तुझाच हापसा दाखवलास."

ही माझी घानाची सफर. डिसेंबरात सुकदेव कायमचा परत आला. देवपूरच्या घराचे दार उघडताना तो उंबऱ्यावर थोडा थांबला आणि मग आत गेला. सात वर्षांनी ताईबाई गेल्या, तेव्हा तो त्यांच्या उशाशी होता. आता घागरीवर तो त्यांचेही नाव घेतो.

मित्रांनो, माझा आता फारसा उपयोग नाही. मी स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. माझ्या शेजारी माझ्याच घडणीचा दुसरा एक तांब्या होता, पाहुण्यांकडून राहून गेलेला. त्याला वर्षानुवर्षे कोणी उघडले नाही. आत थोडे पाणी राहिले होते. ओल आट्यांत शिरली आणि आटे एकमेकांना धरून बसले. परवा तो उघडायला दोन माणसे आणि एक पकड लागली. झाकण निघाले, पण गळ्याला चीर गेली. आत घोटभर पाणी होते, हिरवेगार.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. चिंच-मीठ लावून आम्हांला लखलखीत केले नाही तरी चालेल. कपाटात पुढे मांडले नाही तरी चालेल. पण वेळेवर कलई करा, झिजलेला वायसर बदला, आणि आत काही असो वा नसो, अधूनमधून फिरकी उघडत जा.